तळटीप

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
ग्रिम्सबीच्या कॉलेजात, खोली क्रमांक चौदा.
खालच्या मजल्यावर केस रंगवायचा वर्ग भरतो,
म्हणून आमच्या समाजशास्त्राला
कायम अमोनियाचा वास.

सप्टेंबरात अकराजण होते. आता सहा.
टेरेन्स बस डेपोत लावून थेट येतो, गणवेशासकट.
ह्यालिना वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीआधीची झोप
इथंच, शेवटच्या बाकावर उरकून घेते
आणि तरी तिचेच निबंध वेळेवर.

आणि ग्वेंडा.
एकतीस वर्षं हॅडॉकचे काटे काढलेली.
पेन ती सुरीसारखं धरते,
टोक खाली, मनगट मोकळं.
पहिल्याच दिवशी विचारलं,
"वाक्य कुठं कापायचं असतं?"
मी म्हटलं, जिथं काटा लागेल तिथं.
बाकीचे हसले.
तिनं वहीत लिहून घेतलं.

मी शिकवतो ते एवढंच:
मत वेगळं, पुरावा वेगळा,
दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव सांगायचं,
आणि "मला वाटतं" खोडायचं.
चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना
हे खोडायला लावणं जिवावर येतं.
काहींना तर काय वाटतं
हे विचारलंच होतं पहिल्यांदा कुणीतरी,
तेही मीच,
मागच्याच आठवड्यात.

निबंधाचा विषय, बंदरावरचं बायकांचं काम.
शब्दमर्यादा पंधराशे.
ग्वेंडाच्या कच्च्या खर्ड्यात तीन पुस्तकं नीट आली होती,
साल, पान, प्रकाशक, स्वल्पविराम जागच्या जागी.
मग अचानक एक ओळ:
बोट सुटायच्या दिवशी घरात धुणं काढत नसत,
धुतलं तर माणूस वाहून जातो.
वर छोटासा चारचा आकडा.
खाली, तळाशी, चारच्या पुढं
काही नाही.

"हे कुठं वाचलंस?"
"वाचलं नाही. आई म्हणायची."
"मग आईचं नाव टाक. आणि तारीख.
तोंडी माहितीला तारीख लागते."

ती छताकडं बघत राहिली.
खाली कुणाचे तरी केस वाळवायचं यंत्र सुरू झालं, बंद झालं.

"जानेवारीतला दुसरा गुरुवार," ती म्हणाली.
"मी सात वर्षांची.
फ्रॉकवर रक्षा सांडलेली, शेगडीतली.
आईनं धुवू दिला नाही.
बाबांची बोट सुटायची होती.
तसाच घालून गेले शाळेत.
बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं,
म्हणाल्या, बघा, असं घर असतं काहींचं.
हात पुढं करायला लावला."

टेरेन्सनं टोपी काढून मांडीवर ठेवली.
"आणि बोट?"
"बोट आली की.
भरून आली, तीन आठवड्यांनी.
फटके तेवढे मला पडले."

मग माझ्याकडं वळून,
दुकानात भाव विचारावा तितक्या सहज,
"सर, यातलं मत कुठलं
आणि पुरावा कुठला?"

अठरा वर्षं हा फरक मी फळ्यावर काढतोय,
मधोमध उभी रेघ मारून.
त्या दिवशी खडू हातात होता
आणि रेघ कुठून सुरू करायची ते कळेना.
म्हटलं, पुढच्या मंगळवारी बोलू.
ह्यालिना जागी होऊन म्हणाली, "गृहपाठ काय?"

पुढच्या मंगळवारी बोललो नाही.
टेरेन्सची पाळी बदलली, पाऊण तास बसच्या वेळापत्रकावर गेला.
पण तळटीप चार भरून आली होती,
शाईनं, तिरकी:
आयडा, लेखिकेची आई. स्वयंपाकघर, सिंकपाशी.
जानेवारीतला दुसरा गुरुवार.
फ्रॉक उपलब्ध नाही.

विद्यापीठाच्या अर्जात
शिक्षकाच्या शिफारशीसाठी दहा ओळींची चौकट असते.
मी सुरुवात केली, "मला वाटतं".
सवयीनं खोडलं.
चहा केला, प्यायलो.
पुन्हा लिहिलं.